रोज एक जानेवारी

बाईंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडून बसलो होतो.

"अरे, ते तुझं मशीन पोरीला आत घेत नाहीये."

"आणि तुम्हाला?"

"मला घेतंय की. मी मशीनवरच बसते ना. ती हॉलमध्ये लॅपटॉपवर बसते. पासवर्ड टाकला की पुन्हा पासवर्डच मागतं. तीन आठवडे झाले. तू कामात असशील म्हणून फोन केला नाही."

तीन आठवडे. एवढे दिवस ती मुलगी प्रत्येक वाचकामागे हॉलमधून उठून बाईंच्या टेबलापाशी येत होती, पुस्तक नोंदवून पुन्हा जागेवर जात होती. शनिवारची गर्दी मला माहीत आहे. मला डबा संपवता आला नाही. त्याच शुक्रवारी रात्री निघालो. कोल्हापूर, आंबा घाट, साखरपा, देवरुख आणि पुढे गावात. घाटात पाऊस असा होता की समोरच्या गाडीचा लाल दिवाही दिसत नव्हता. ही जुलै २०२४ मधली गोष्ट.

बाई म्हणजे आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल. मी सातवीत असताना पहिलं पुस्तक त्यांच्याच हातून घेतलं. आणि "तुझं मशीन" म्हणजे वाचनालयाचा संगणक. पेंटियम फोर, ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क, वर विंडोज एक्सपी. एका कार्यालयाने आपले संगणक बदलले तेव्हा हा वाचनालयाला दिला. २०१३ च्या मे महिन्यात सुट्टीला गेलो होतो, तेव्हा बाई दाखल नोंदवहीची फाटकी पानं डिंकाने जोडत बसलेल्या दिसल्या आणि मी पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्राम लिहायला घेतला. गणपतीला गेलो तेव्हा तो बसवला. झॅम्प १.८.२, म्हणजे अपाचे हा वेब सर्व्हर, मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि पीएचपी ५.४ ही प्रोग्रामची भाषा यांची एक मोट. एक्सपीवर चालणारी ती शेवटची. पीएचपी ५.५ त्याच वर्षी जूनमध्ये आली आणि तिने एक्सपीचा हात सोडला. पुढच्या वर्षी, ८ एप्रिल २०१४ ला, खुद्द एक्सपीचीच देखभाल थांबली. आमचं मशीन मात्र चालत राहिलं. इंटरनेटची तार त्याला कधी जोडलीच नाही, आणि त्या जुन्या एक्सपीला सांभाळण्याचा हाच एक शहाणा मार्ग आहे असं मी आजही मानतो.

वेब सर्व्हर म्हटलं की लोकांना कुठेतरी परदेशात थंडगार खोलीत ठेवलेली यंत्रं आठवतात. खरं तर वेब सर्व्हर म्हणजे दारात बसलेला एक माणूस. कुणी येऊन अमुक पान द्या म्हटलं की आत जाऊन ते आणून द्यायचं, एवढंच त्याचं काम. तो माणूस चार भिंतींच्या आतही बसू शकतो. आमचा बसतो बाईंच्या टेबलाखाली, आणि हॉलमधला लॅपटॉप एका साध्या राउटरमधून त्याच्याकडे पानं मागतो. साडेसहा हजार पुस्तकं, तीनशेच्या आसपास वाचक. एवढ्याला ते मशीन पुरून उरतं.

जगातला पहिला वेब सर्व्हरही असाच एका टेबलावर होता. १९९० साली सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांचा नेक्स्ट कंपनीचा संगणक होता, तोच. त्यावर लाल शाईत हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. तो संगणक चिठ्ठीसकट जपून ठेवला आहे. त्या चिठ्ठीचा फोटो मी प्रथम पाहिला तेव्हा बाईंचीच आठवण झाली होती. कारण आमच्याकडे मशीन रोज रात्री बंद होतं, आणि पावसाळ्यात तर बाई भिंतीतला प्लगच उपटून ठेवतात. कोकणात वीज कडाडायला लागली की घरोघरी हेच करतात. त्यांना मी कधी नको म्हटलं नाही. एका वर्षी गावात विजेने चार टीव्ही नेले होते.

शनिवारी सकाळी पोचलो तर समितीचे दोघे आधीच येऊन बसलेले. एकाचं म्हणणं, "फॉरमॅट मारून टाका." दुसऱ्याचं, "आता नवीनच घ्या, किती दिवस हे भंगार?" दोघेही वाचनालयासाठी मनापासून झटणारे. पण फॉरमॅट मारणं म्हणजे दुखणं न ओळखता माणसाचं रक्त बदलणं. बिघाड जुनेपणाचा आहे की आणखी कशाचा, हे आधी कळायला हवं. माझ्या पिशवीत डेबियन १२ या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा पेन ड्राइव्ह होता, कारण अशा ३२-बिटी यंत्रांवर ते अजून बसतं. तो मी पिशवीतच ठेवला.

बिघाड शोधताना माझी एक सवय आहे. काय चालत नाही याच्याआधी काय काय चालतं आहे ते मोजायचं. लॅपटॉपवरून पिंग केलं, म्हणजे मशीनला नुसती हाक मारली. उत्तर आलं. म्हणजे तार ठीक. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला, वाचनालयाचं पान उघडलं. म्हणजे अपाचे जागा आहे, ८० नंबरचं पोर्ट, म्हणजे वेब पानांचं ठरलेलं दार, त्याच्याच हाती आहे आणि फायरवॉल हा पहारेकरी आडवा येत नाही. (पोर्टवर माझा पहिला संशय होता. बऱ्याच वर्षांपूर्वी व्हिडिओ कॉलच्या एका प्रोग्रामने ते ८० नंबर आधीच धरून ठेवलं होतं आणि अपाचेला उठताच येत नव्हतं. तेव्हापासून मी आधी तिथेच पाहतो.) मग मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला. लाल अक्षरांत आलं: पासवर्ड चुकीचा आहे. बरोबर पासवर्ड टाकला. पान लुकलुकलं आणि पुन्हा पासवर्ड विचारू लागलं. लाल अक्षरं नाहीत, काही नाही.

इथे मी थांबलो, कारण या दोन उत्तरांत फरक होता. चुकीचा पासवर्ड ओळखता येतो म्हणजे डेटाबेस जागेवर आहे, वाचकांची यादी शाबूत आहे. बरोबर पासवर्ड त्याने स्वीकारलाही होता. स्वीकारल्यावर पुढच्याच क्षणी तो विसरत होता.

असं काहीतरी हरवणं मी या प्रोग्रामच्या पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. वाचकांची नावं देवनागरीत भरली आणि दुसऱ्या दिवशी यादी उघडली, तर निम्म्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. सखाराम या नावाची सहा. स, ख, काना, र, काना, म, प्रत्येकाला एक. उरलेल्या निम्म्यांत विचित्र खुणांची खिचडी: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चार पाय फुटलेलं वर्तुळ, मग गोलातला आर. पुन्हा तिरक्या रेघेचा ए, पुन्हा वर्तुळ. मी घाबरलो ती खिचडी पाहून, आणि तिथेच चुकलो. ती खिचडी खरं तर सुरक्षित होती. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांत लिहिलं जातं. कुणी ते तीन बाइट युरोपी लिपीची तीन अक्षरं समजून वाचले की तिरक्या रेघेचा ए, वर्तुळ आणि गोलातला आर दिसतात. मात्र ते बाइट जसेच्या तसे असतात. वाचणाऱ्याला नीट सांगितलं की 'म' परत मिळतो. गेलेली होती ती प्रश्नचिन्हं. तिथे डेटाबेसने अक्षर ओळखलं, आपल्या लॅटिन कप्प्यात त्याला जागा नाही हे पाहिलं आणि खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहून ठेवलं. त्यातून सखाराम कधीच परत येत नाही. बाईंनी कागदी नोंदवही बंद केली नव्हती म्हणून ती नावं पुन्हा भरता आली. त्या दिवसापासून मी त्यांना म्हणत आलोय, बाई, वही बंद करू नका.

आता हे विसरणं. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीला स्मरणशक्ती नसते. प्रत्येक क्लिक त्याच्या दृष्टीने दारात आलेला नवा माणूस. १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये काम करणाऱ्या लू माँटुली यांनी यावर कुकीची युक्ती काढली. पूर्वी बँकेत पैसे काढताना खिडकीवर पितळेचा बिल्ला मिळायचा आणि पुढच्या खिडकीवर तो दाखवला की काम व्हायचं, तसंच हे. पासवर्ड जुळला की सर्व्हर ब्राउझरला एक बिल्ला देतो. पुढच्या प्रत्येक पानाला ब्राउझर तो दाखवतो. आमचा सर्व्हर बिल्ला देत होता का, की लॅपटॉप घेत नव्हता? नोंद पाहायची म्हणून अपाचेची लॉग फाइल उघडली आणि शेवटी गेलो.

शेवटची ओळ १ जानेवारी २००२ ची होती.

मला वाटलं, लॉग कधीचा लिहायचा थांबलाय. डिस्क भरली असेल. पाहिलं, अर्धी रिकामी. मग वाटलं, तो दुसऱ्या कुठल्या फोल्डरमध्ये लिहीत असेल. सेटिंगची फाइल ओळ न् ओळ वाचली. यात अर्धा तास गेला. बाईंनी चहा आणून ठेवला तोही निवला. शेवटी हॉलमधल्या मुलीला म्हटलं, "तू फक्त पान पुन्हा उघड." तिने उघडलं. मी फाइल पुन्हा उघडली. खाली एक नवी ओळ आली होती. लॅपटॉपचा पत्ता, मागितलेलं पान, सगळं ताजं. आणि डाव्या बाजूला, चौकटी कंसात, १ जानेवारी २००२, मध्यरात्रीनंतर दोन वाजून सतरा मिनिटं.

मग अपाचेच्या सुरू-बंदच्या नोंदींची दुसरी फाइल उघडली आणि वर सरकत गेलो. १ जानेवारी २००२, मध्यरात्रीनंतर तीन मिनिटं, अपाचे सुरू झाला. आणखी वर. १ जानेवारी २००२, मध्यरात्रीनंतर तीन मिनिटं, अपाचे सुरू झाला. पुन्हा तेच. त्या दिवसाची धरून एकोणीस वेळा. सोमवारच्या सुट्ट्या वजा केल्या तर १५ जूनपासून वाचनालयाचे जितके दिवस भरले तितके. तीन आठवडे त्या टेबलाखाली रोज सकाळी एक जानेवारी उगवत होता.

"बाई, मशीन चालू करताना काही विचारतं का हो?"

"ते होय? काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येतं. एफ-वन दाबलं की पुढे जातं. तो शिपाई गडबडतो म्हणून मी खूण करून ठेवलीय."

मी कीबोर्डकडे पाहिलं. एफ-वनच्या बटणावर एक लाल टिकली चिकटवलेली होती.

संगणक बंद असताना त्याचं घड्याळ मदरबोर्डवरच्या एका नाण्याएवढ्या सेलवर चालतं. सीआर २०३२. २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. नवा असताना तीन व्होल्ट. प्लग भिंतीत असेपर्यंत पॉवर सप्लाय त्या घड्याळाला थोडी वीज पुरवत राहतो, म्हणून सेल मेला तरी कुणाला कळत नाही. आमचा सेल कदाचित वर्षभर मेलेला होता. पाऊस लागला, बाई रोज रात्री प्लग काढू लागल्या आणि घड्याळ रोज रात्री आपला जन्मदिवस गाठू लागलं. एक्सपीच्या पडद्यावर कोपऱ्यात फक्त वेळ दिसते, तारीख दिसत नाही. आणि वेळ बघायला वाचनालयात भिंतीवर घड्याळ आहे.

मग बिल्ल्याचा उलगडा झाला. वीज गेली की ब्राउझर बंद पडतो आणि पुन्हा पासवर्ड टाकावा लागतो, म्हणून २०१३ मध्ये मीच कुकीला आठ तासांची मुदत दिली होती. पीएचपी ५.४ ही मुदत थेट तारीख-वेळ घालून लिहिते: अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत चालेल. 'आतापासून इतके सेकंद' असं लिहिण्याची सोय ५.५ पासून आली, जी एक्सपीवर चालत नाही. म्हणजे आमचा सर्व्हर लॅपटॉपला प्रामाणिकपणे बिल्ला देत होता, त्यावर लिहून की हा १ जानेवारी २००२ ला सकाळी दहापर्यंत वैध आहे. लॅपटॉपच्या हिशेबाने तो बावीस वर्षांपूर्वी संपलेला. तो हातात पडताच टाकून देत होता. बाई मशीनवरच बसायच्या, त्यांचा ब्राउझर त्याच घड्याळावर चालायचा, म्हणून त्यांना सगळं सुरळीत. दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबर होती. मला त्या क्षणी त्या जुन्या डब्याबद्दल फार माया वाटली. त्याने पहिल्या ओळीपासून सगळं लिहून ठेवलं होतं, डाव्या बाजूला, आणि मी उजवी बाजू वाचत बसलो होतो.

कॅबिनेट उघडलं. धूळ, ओलसर वास, पालीच्या अंड्यांची दोन कवचं. ब्रशने साफ केलं, रॅमच्या पट्ट्या काढून पिवळ्या कडा खोडरबराने घासल्या, कपॅसिटरांची (बोर्डावरच्या वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांची) डोकी फुगली नाहीत ना ते बोट फिरवून पाहिलं. त्या काळातल्या पुष्कळ बोर्डांचे कपॅसिटर फुगून फुटले. यातले सपाट होते. सेल काढून मीटर लावला, एक व्होल्टच्या जरा वर. छत्री घेऊन बाजारात गेलो ते घड्याळवाल्याकडे. तोच योग्य माणूस. मनगटी क्वार्ट्झ घड्याळात सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा जो स्फटिक असतो, तसाच संगणकाच्या घड्याळातही असतो. त्याने चाळीस रुपयांत सेल दिला आणि कागदात गुंडाळून म्हणाला, "बोट लावू नका जास्त." तेही बरोबरच.

सेल बसवला, तारीख लावली, ६ जुलै २०२४. लॅपटॉपवरून ती मुलगी पहिल्या फटक्यात आत गेली. हॉलमध्ये दोन-तीन वाचक होते, त्यांनाही आनंद झाला. ती म्हणाली, "दादा, थकबाकीची यादी बघा ना, ही काय आलीय?"

यादीत वरच्या ओळीला गावातल्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. गेल्या तीस वर्षांत त्यांचं एकही पुस्तक एक दिवस उशिरा आलेलं नाही. त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं: ८,२०७ दिवस उशीर, दंड ४,१०३ रुपये ५० पैसे. दिवसाला पन्नास पैसे हा दर मीच घातलेला. त्यांच्याखाली पोस्टमन, मग नववीतला एक मुलगा, मग मच्छी मार्केटमधल्या मावशी, ज्यांनी त्या आठवड्यात पहिल्यांदा वाचनालयात नाव घातलं होतं. मला ते वाचवेना. मुलीला म्हटलं, हे पान आता कुणाला दाखवू नको, छापू तर मुळीच नको.

तीन आठवड्यांत दिलेली सगळी पुस्तकं १ जानेवारी २००२ ला दिली असं डेटाबेस म्हणत होता. परत आलेली सगळी त्याच दिवशी आली. मेमध्ये नेलेली काही पुस्तकं तर नेण्याआधी बावीस वर्षं परत आली होती. रात्रीच्या बॅकअपचं फोल्डर तारखेच्या नावाने बनतं, म्हणून पेन ड्राइव्हवर त्या तीन आठवड्यांचं एकच फोल्डर होतं, रोज रात्री आदल्या दिवसावर लिहिलेलं. हे पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला. त्या दिवसांत डिस्क गेली असती तर?

सुदैवाने नोंदींचे क्रमांक ओळीने होते. तारीख चुकली तरी आधी कोण आणि नंतर कोण हे चुकलं नव्हतं. आणि बाईंची वही होती. संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर आम्ही दोघं बसलो. बाहेर पागोळ्या धो धो पडत होत्या. बाई चष्मा नाकावर घेऊन वाचायच्या: "अठरा जून. दाखल क्रमांक चार हजार दोनशे अकरा. नेलं." मी तारीख बदलायचो. "अठरा जून. दोन हजार नव्वद. आलं." मध्येच एखाद्या पुस्तकापाशी थांबायच्या. "हे त्या पोस्टमनने तिसऱ्यांदा नेलंय बघ." मी हात थांबवून ऐकायचो. साठाच्या वर नोंदी होत्या. साडेनऊला शेवटची झाली. थकबाकीची यादी पुन्हा काढली. दोन नावं उरली, दोन्ही खरी.

बाईंनी सवयीने प्लग काढला. मी काही बोललो नाही.

रविवारी सकाळी आठला वाचनालय उघडलं. मी मुद्दाम लवकर गेलो होतो. बाईंनी प्लग लावला, बटण दाबलं आणि उजव्या हाताचं बोट त्या टिकलीवर धरून उभ्या राहिल्या. काळा पडदा आला, आकडे सरकले, आणि एक्सपीचं हिरवं माळरान आणि निळं आभाळ समोर आलं.

"विचारलं नाही रे."

"नाही विचारणार आता."

कोपऱ्यातल्या वेळेवर मी माऊस नेऊन धरला, तेव्हा तारीख उमटली. ७ जुलै २०२४. बाईंनी ती दोनदा वाचली. मी एका चिठ्ठीवर 'सेल बदलला, ६ जुलै २०२४' असं लिहून कॅबिनेटवर चिकटपट्टीने लावली. बाईंनी नखाने एफ-वनवरची टिकली उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि चिठ्ठीवरच्या तारखेशेजारी दाबून बसवली. तेवढ्यात हॉलमधून त्या मुलीचा आवाज आला, "बाई, मुख्याध्यापिका बाई आल्यात, पुस्तक आणलंय."

"वेळेत आहे का?"

"दोन दिवस आधी."